निफाडचे कान

आमच्या निफाडच्या थंडीचं नाव पेपरात येतं. माझं अजून आलेलं नाही. म्हणून थंडीचंच नाव मी आयुष्यभर आपलं समजून वापरलं. हिवाळ्यात टीव्हीवरची बाई "राज्यात सर्वांत कमी तापमान निफाडला" असं म्हणाली की मी बाजेवर ताठ होऊन बसतो, जशी काही ती थंडी पहाटे उठून मीच पाडली.

शाळा माझी चौथीपर्यंत. तेव्हा गुरुजींनी एकदा विचारलं, "का रे, स्वेटर कुठंय?" स्वेटर नव्हताच. तसं सांगायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, "मला थंडी वाजत नाय." वर्गाला ते एवढं आवडलं की मलाही खरं वाटायला लागलं. तिथून पुढं "मला थंडी वाजते" हे वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलं नाही. बायकोनंसुद्धा नाही, आणि तिनं पुष्कळ वाट पाहिली.

रोज पहाटे मळ्यात उघड्यावर अंघोळ. पाव्हणे गोधडीतून मान काढून बघायचे आणि म्हणायचे, म्हातारं लोखंडाचं हाय. आता एक गोष्ट सांगतो, जी मी पाव्हण्यांना कधी सांगितली नाही. हिवाळ्यात मोटार चालू केली की विहिरीचं पाणी कोमट येतं. शेतकऱ्याला हे माहीत असतं. पाव्हण्याला नसतं.

असा हा लोखंडाचा माणूस मागच्या पौषात हिमाचलात, सतलज नदीच्या वर, किन्नौर नावाच्या मुलखात राहून आला. जे तिकडं गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. गेलेल्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण माझ्यासमोर हसू नये.

का गेलो

माझी नात वैशू. शेतकीचं शिकली आणि द्राक्षाच्या पॅकहाऊसात माल तपासायच्या कामाला लागली. तिथंच कामाला असलेला रोहित नेगी हा किन्नौरचा पोरगा. दोघांचं जमलं. दिवाळीनंतर तो आमच्या घरी आला, पाया पडला, मराठी चांगलं बोलला, आणि पिशवीतून एक टोपी काढली. राखी लोकरीची, कडेला हिरवी मखमल.

"आबा, आमच्याकडे मानाच्या माणसाला ही देतात."

मी हात मागं घेतला. आमच्यात सोयऱ्याच्या हातून टोपी-उपरणं घेतलं म्हणजे सोयरीक पक्की. आधी बोलणी, मग सुपारी फुटते, मग टोपी. टोपी आधीच डोक्यावर घेतली तर बोलायला उरलं काय?

"सुपारी फुटल्याबिगर मी कुणाची टोपी घेत नाय," मी म्हणालो.

पोरगा समजूतदार. त्यानं टोपी घडी करून परत पिशवीत ठेवली. बायको दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघत होती.

मुलगा तयार होता, सून तयार होती. जात, भाषा, लांबचा पल्ला, सगळ्यावर घरात बोलून झालं होतं. अडलं होतं ते माझ्यापाशी. खरं कारण एकच होतं: लग्नानंतर रोहित घरची बाग सांभाळायला गावी परतणार, म्हणजे पोरगी लांब जाणार. पण ते सांगितलं तर म्हातारा हळवा झाला म्हणतील. म्हणून मी थंडीचं कारण पुढं केलं.

"वैशू, तिथं बरफ पडतो. गारठून मरशील."

"आबा, तुम्हीच सांगता ना, निफाडच्या माणसाला थंडी वाजत नाय?"

"ते मी माझं सांगतो."

"मग मी कुणाची?"

सून ओट्याकडं तोंड फिरवून हसली. मी चिडलो. चिडलो की मी मोठं बोलतो.

"असं करतो, मी स्वतः जातो. भर थंडीत जाऊन ऱ्हातो, घर बघतो. मला सोसलं तर तुला सोसंल. मला नाय सोसलं तर इषय बंद."

"चालेल. पण आल्यावर खरं सांगायचं हं, आबा."

"मी कधी खोटं बोललो?"

तिनं विहिरीवरच्या मोटारीकडं बघितलं. ही शेतकी शिकलेली आहे, हे मी विसरलो होतो.

जायला मी मुद्दाम पौष महिना निवडला. पौषात आमच्याकडं लग्नाचं कुणी बोलत नाही. म्हणजे तिकडच्या लोकांनी कितीही गळ घातली तरी मला सुटका होती. एवढी हुशारी करून झाल्यावर मग लक्षात आलं की आपण केवढा खड्डा खणलाय. सोसलं तर नात जाते. नाही सोसलं तर नाक जातं.

बायकोनं पिशवी भरली. स्वेटर, लोकरीचे मोजे, मफलर, कानटोपी. मी एकेक बाहेर काढून खाटेवर टाकलं. "मी काय आजारी हाय?" तिनं स्वेटर आणि मोजे परत तळाशी कोंबले, आणि मफलर आणि कानटोपी उचलून निमूट फडताळात ठेवली. भांडण न करता ती ऐकते असं क्वचित होतं. मला वाटलं, जिंकलो.

आडवी रेघ

रेल्वे, बस आणि परत बस, यांचं सांगण्यासारखं काही नाही. रोहितबरोबर बसलो आणि उतरलो. शेवटचा रस्ता मात्र डोंगराच्या पोटात कोरून काढलेला. एका बाजूला कातळ डोक्यावर आलेला, दुसऱ्या बाजूला खाली, फार खाली, सतलज. मी हट्टानं खिडकीपाशी बसलो होतो. मग सबंध रस्ता डोळे मिटून "झोपलो".

मध्ये चहाला थांबलो तिथं रोहितनं मोबाइल बघितला. मी विचारलं, "किती हाय?" त्यानं पुढं धरला. आकडा बघून माझी छाती फुगली.

"अरे, ही तर आमच्या निफाडची थंडी! एवढी तर आमच्याकडं कधीपण पडती."

"आबा, पुढं बघा."

पुढं एक आडवी रेघ होती. मला तो काचेवरचा ओरखडा वाटला होता. बोटानं पुसून बघितली, जाईना.

"ती रेघ म्हणजे उणे," तो म्हणाला.

चौथीत उणे होतं, पण आम्ही ते बोरांसाठी शिकलो होतो. थंडीसाठी नाही.

दादी

नेग्यांचं घर दगड आणि देवदाराच्या लाकडाचं. खाली गायी, वर माणसं. हिवाळ्यात सगळं घर एकाच खोलीत गोळा होतं. मधोमध पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर. तिला ते तंदूर म्हणतात. आपल्याकडं तंदूर म्हटलं की रोटी आणि कोंबडी आठवते. तिथं सगळं घर त्याच्याभोवती भाजत बसतं.

घरात रोहितचे वडील नेगीजी, त्याची आई, आणि आजी. आजीला सगळे दादी म्हणतात. तिचं तोंड वाळवलेल्या जर्दाळूसारखं, आणि डोळे अगदी ताजे. माझी हिंदी जशी असायला पाहिजे तशीच आहे.

"ठंड लगी, भाई जी?" दादीनं दारातच विचारलं.

"हमको थंडी बजती नहीं," मी म्हणालो.

"बजती नहीं?" ती रोहितकडं वळली. "ठंड कोई ढोल है?"

एवढ्यात नेगीजींनी ताटात टोपी आणली. तीच हिरव्या मखमलीची. पाव्हणा दारात आला की टोपी घालायची, ही त्यांची रीत. मी परत हात जोडले. "अभी नहीं. सुपारी फूटने के बाद."

"सुपारी?" दादी म्हणाली. "यहाँ तो अखरोट फूटता है. तोड़ दूँ?"

रोहितनं घाईघाईनं त्यांच्या बोलीत काहीतरी समजावलं. दादीनं टोपी घेतली आणि तंदूरसमोरच्या खिळ्याला अडकवली, बरोबर माझ्या नजरेसमोर. तिथून पुढं मी त्या घरात जेवलो, झोपलो, उठलो, ते त्या टोपीच्या देखरेखीखाली.

सगळ्यांनी सरकून मला तंदूरजवळची जागा दिली. मी म्हणालो, नको, आणि दारापाशी जाऊन बसलो. दाराच्या फटीतून वारा माझ्या उजव्या कानात येई. आत शिरून बसे.

अंघोळ

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला निघालो. अंघोळीशिवाय मी अन्न तोंडात घालत नाही, हा माझा जन्माचा नियम. रोहितच्या आईनं तंदूरवरचं गरम पाण्याचं भांडं दाखवलं. मी म्हणालो, "हमको थंडा चलता है." मी बोललो आणि त्याच क्षणी मला विहिरीची मोटार आठवली. पण शब्द बाहेर पडला होता.

नळ गोठलेला. पिंपात पाणी होतं, वर पापुद्रा. रोहितनं तांब्या आपटून तो फोडला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं बैलाला खाटकाकडं नेताना बघतात.

पहिला तांब्या पाठीवर घेतला आणि देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. नाव आलं नाही. श्वासही आला नाही. उसाची मोळी बांधताना गुडघा देऊन आवळतात ना, तशी कुणीतरी छाती आवळली. दुसरा तांब्या मी फरशीवर ओतला, नुसता आवाज यावा म्हणून. तिसराही. बाहेरून दादीचं चुकचुकणं ऐकू येत होतं, म्हणून चौथाही ओतला.

धोतर पिळून बाहेर दोरीवर टाकलं. थोड्या वेळानं आणायला गेलो तर ते वाळलं नव्हतं, कडक झालं होतं. दोरीवरून काढलं तरी घडी मोडेना. जमिनीवर टेकवलं तर उभं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं धोतर माझ्याशिवाय उभं होतं. ते काखेत मारून, एखादी फळी आणावी तसं मी घरात आणलं. नेगीजी उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून बराच वेळ डोंगर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

रोज हेच. एक तांब्या अंगावर, बाकीचे फरशीवर. तरी नियम तो नियम.

मग शेजारपाजारची माणसं यायला लागली. एक आला, अक्रोड ठेवून गप्प बसला. दोन बाया आल्या, वाळलेले जर्दाळू ठेवून गप्प बसल्या. मी विचार केला, काय रीतीची माणसं आहेत, पाव्हण्याला एकटं सोडत नाहीत. मी आनंदानं अक्रोड फोडून खात होतो, आमच्या द्राक्षांच्या गोष्टी सांगत होतो, मोठ्यानं हसत होतो. ती माणसं एकमेकांकडं बघायची. जाताना एका म्हाताऱ्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "हौसला रखो." मी म्हणालो, "हां, हां, आप भी."

ते गेल्यावर दादी माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाई जी, घर में कौन गुज़रा?"

"कोण? कोई नहीं."

"फिर ये रोज़ ठंडे पानी से नहाना?"

तेव्हा उलगडा झाला. त्या थंडीत तिकडं माणूस आठवड्यातून एकदा, तेही गरम पाण्यानं नहातो. गार पाण्यानं, रोज, दात खाऊन नहाणारा म्हातारा बघून तिची समजूत झाली होती की मला सुतक आहे, आणि मी दुःख लपवतोय. सगळा गाव माझं सांत्वन करून गेला होता, आणि मी सुतकात बसून अक्रोड खात, हसत होतो.

"हमारे यहाँ सब लोग रोज नहाते," मी म्हणालो.

"बिना किसी के मरे?"

"बिना मरे."

दादी एवढी हसली की तिला ठसका लागला. संध्याकाळी तीच माणसं परत आली. या वेळी अक्रोड आणले नाहीत, नुसते बघायला आले.

अंगाचं शहाणपण

थंडी अंगात कशी शिरते आणि अंग तिला कसं घेतं, हे मी त्या घरात पहिल्यांदा शिकलो. निफाडला कधी शिकावं लागलं नव्हतं, कारण निफाडला मी तिच्याशी नुसता भांडत होतो.

पहिल्यांदा जबडा जातो. तो आपला राहत नाही. मी बोलताना दाढा घट्ट दाबून धरायचो, म्हणून सगळ्यांना वाटायचं म्हातारा रागात आहे. मग लघवी. जेवढं पाणी प्यालो नाही तेवढं बाहेर जायचं, आणि जायचं म्हणजे बाहेरच्या वाऱ्यात. मग भूक. घरी मी एक भाकरी खातो. तिथं रोहितच्या आईनं राजम्याच्या आमटीबरोबर कुट्टू नावाच्या तिकडच्या धान्याची धिरडी वाढली, वर वितळलेलं तूप, आणि मी मोजणं सोडून दिलं. खारा चहा पहिल्या दिवशी मी नाकाशी नेऊन खाली ठेवला. आपल्याकडं चहात मीठ चुकून पडतं, आणि पडलं तर सुनेला बोलणी बसतात. नंतर मीच रिकामा पेला पुढं करू लागलो.

आणि डोकं. सुरुवातीला डोक्यात दुसरा विचारच येत नाही. बसलोय, थंडी. उठलोय, थंडी. मग एके सकाळी मी बऱ्याच वेळानं भानावर आलो, तेव्हा मी आमच्या बागेतल्या एका वेलीच्या फुटव्याचा विचार करत होतो. बोटांकडं बघितलं. पूर्वी गारठली की दुपारपर्यंत मेल्यासारखी पडायची. आता पांढरी होऊन आपली आपण परत लाल व्हायची. मला न विचारता माझं अंग तिकडच्या लोकांना जाऊन मिळालं होतं.

मला याचा आनंद व्हायला पाहिजे होता. झाली ती भीती. अंगाला सोसायला लागलं होतं, म्हणजे नात चालली होती.

वैशूचा फोन आला. "आबा, खरं सांगा, सोसतंय का?"

एक वाक्य बोललो असतो तर विषय बंद झाला असता. "बाई, मला थंडी वाजते." एवढंच. मी तोंडसुद्धा उघडलं. आणि म्हणालो, "वारं जरा जास्त हाय."

"म्हणजे वाजते?"

"वारं हाय म्हणलो ना!" आणि फोन रोहितच्या हातात दिला.

दारापाशी बसून मी बाकी काही केलं नाही, पण घर बघितलं. मी घर बघायलाच गेलो होतो. एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली, कारण तिच्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. बाहेरून कुणीही आलं की तंदूरभोवतीची माणसं एक-एक जागा सरकायची, आणि येणाऱ्याला आगीजवळची जागा मिळायची. रोहित आला, सरकले. शेजारी आला, सरकले. संध्याकाळी रोहितची आई गायींचं करून, हात लाल झालेले, वर आली. दादी सरकली. नेगीजीही, हातातला पेला सांभाळत, सरकले. ती बसली, हात पुढं धरले, आणि दादीनं विचारलं, "ठंड लगी?" ती म्हणाली, "बहुत लगी." तेवढंच. दादीनं आणखी एक लाकूड आत सारलं.

मला माझी सून आठवली. पहाटे गोठ्यातून दूध काढून ती घरात येते. कोण सरकतं? मी ओट्यावरच्या उन्हात बसलेला असतो, मुलगा चहाची वाट बघत असतो. ती सरळ चुलीकडं जाते, तेही चूल पेटवायला. तिला थंडी वाजते का, हे मी कधी विचारलं नाही. मला वाजत नाही म्हटल्यावर घरात दुसऱ्या कुणाला वाजायची सोयच नव्हती.

कान

मग बर्फ पडला. दुसऱ्या सकाळी नेगीजी बाग बघायला निघाले. मीही निघालो. "आप रहने दो," ते म्हणाले. एवढं पुरलं, मी त्यांच्या पुढं चालायला लागलो. डोक्यावर माझी पांढरी टोपी. ती इस्त्रीची, कडक, आणि कानांशी तिचा काही संबंध नाही.

सफरचंदाची झाडं उघडी, काळी, गुडघाभर बर्फात उभी. मला वाटलं, गेली बाग.

"इतनी ठंड में झाड़ मरता नहीं?" मी विचारलं.

नेगीजी म्हणाले, "ठंड न पड़े तो फूल ही नहीं आता. इसको ठंड चाहिए."

मी सांगितलं, आमचं उलटं. थंडी वाढली की द्राक्षमणी तडकतात. म्हणून आम्ही पहाटे उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतो.

ते थांबले. "बेल को सेंकते हो?"

"हां."

"और आदमी?"

मी म्हणालो, "आदमी को बजती नहीं." पण या वेळी माझा मलाच आवाज लहान वाटला.

परत येताना वारा समोरून होता. आधी कान दुखले. मग दुखायचे थांबले. मला वाटलं, बघा, कानही सरावले. घरात आलो आणि सहज हात लावला तर बोटाला कान लागला, पण कानाला बोट लागलं नाही. वाळलेली चिंच चाचपल्यासारखं.

दादीनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि ती उठली. मला दंडाला धरून तंदूरपाशी बसवलं. मी दाराकडं निघालो तर तिनं डोळे मोठे केले. माझी आई गेल्यापासून त्या डोळ्यांनी मला कुणी बघितलं नव्हतं. तिनं स्वतःचे तळवे शेकले आणि माझ्या दोन्ही कानांवर ठेवले. चोळले नाहीत, नुसते ठेवले. गार झाले की परत शेकले, परत ठेवले. आम्ही असे समोरासमोर. माझी होऊ घातलेली विहीण माझं डोकं दोन हातांत धरून बसलेली, आणि सगळं घर बघतंय.

मग कान परत आले. येताना त्यांनी एवढ्या वर्षांचा हिशेब मागितला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मला थांबवता आलं नाही.

"अब बोलो, भाई जी," दादी म्हणाली. "ठंड लगी?"

मी तिच्या खांद्यावरून समोर बघितलं. खिळ्याला टोपी होती.

"वो टोपी दो," मी म्हणालो.

दादीला त्यात विशेष काही वाटलं नाही. कान गारठलेला म्हातारा टोपी मागतो, तिनं काढून दिली. पण रोहितला माहीत होतं. त्याचा चहाचा पेला ओठांपाशी तसाच राहिला.

"आबा," तो हळू म्हणाला, "पौष चालू आहे."

"मला नको शिकवू," मी म्हणालो. "फोन लाव तिला."

मी टोपी घातली. मखमलीची कड खाली ओढली की दोन्ही कान झाकले जातात. फोनवर वैशूला सांगितलं, "पोरी, टोपी घेतली." पलीकडं ती एवढी गप्प झाली की मला वाटलं रेंज गेली.

दादीला रोहितनं सांगितल्यावर तिनं माझ्यासमोर अक्रोड ठेवला आणि वर लाकूड हाणलं. "लो. फूट गया."

परत निफाड

घरी आलो तेव्हा बायको दारातच होती. तिनं माझ्या डोक्याकडं बघितलं आणि भाकरतुकडा ओवाळायच्या आधीच हसायला लागली.

"म्हणूनच तर मी ठेवली नव्हती."

"काय?"

"कानटोपी. मफलर बी. स्वेटर घालून बी तुमी हट्ट सोडला नसता. मफलर दिला असता, तर कोपऱ्यात जाऊन गुपचूप कान बांधले असते. म्हणलं, उघडे जाऊ द्या. बाकी म्हातारं नमणार नाय, पन कान नमतील."

एवढी वर्षं मी समजत होतो की ह्या घरात मीच हट्टी आहे.

लग्न वैशाखात झालं. निघताना वैशू पाया पडली तेव्हा मला पुष्कळ बोलायचं होतं. मी एकच बोललो. "थंडी वाजली तर लगेच सांगायचं. माझ्यासारखं गप नाय बसायचं."

या हिवाळ्यात तिचा फोन आला. सकाळ होती. आम्ही बागेतल्या शेकोट्या करून नुकतेच परतलो होतो, मी ओट्यावर बाजेवर टेकलो होतो. डोक्यावर हिरवी टोपी. गावात हसतात, "आबा, शेवटी वाजायला लागली म्हणा!" मी सांगतो, मानाची हाय, थंडीची नाय.

"आबा, लय थंडी वाजती हो इथं."

मी तिचा आवाज नीट ऐकला. रडका नव्हता.

"कुठं बसलीस?"

"तंदूरपाशी. आत्ताच गायींचं करून आले. दादी सरकल्या." मागून दादीचा आवाज आला, आणि वैशू हसत म्हणाली, "आबा, दादी विचारतात, उनको बजती है क्या?"

मी इकडं तिकडं बघितलं. सून दूध काढून आत गेली होती. हल्ली चूल मुलगा पेटवतो, धूर करतो, पण पेटवतो. ओट्यावर कुणी नव्हतं. टोपीची कड मी कानांवर ओढून घेतली.

"वाजती," मी म्हणालो. "मलाबी वाजती, बाई."

फोन ठेवला आणि मान वळवली तर बायको चहा घेऊन मागं उभी. पहाटेपासून शेकोट्यांत काटक्या टाकून तिचे हात काळे झाले होते, आणि पेला धरलेली बोटं थरथरत होती. मी बाजेवर सरकलो, उन्हाची बाजू मोकळी केली.

ती बसली. चहाची वाफ तोंडावर घेतली.

"एकदा परत म्हना," ती म्हणाली. "मला नीट ऐकू नाय आलं."